ॲंगस या गेलिक नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेलिक म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या जवळच्या नात्याच्या भाषा: आयरिश आणि स्कॉटिश गेलिक. तिथे राहणारे मराठी आईवडील, अनुवाद करणारे आणि वर्तमानपत्रात 'ॲंगस डीटन' (अर्थशास्त्रज्ञ, प्रश्न १७) वाचून कुतूहल वाटलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्या उत्तरात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲंगस म्हणजे काय? एका ओळीत सांगा.

दोन शब्दांचा समास आहे: 'ओइन' म्हणजे एक, आणि 'गुस' म्हणजे जोम, बळ, निवड. म्हणून 'एकमेव बळ असलेला' किंवा 'एकमेव निवड'. नाव पुरुषाचं आहे आणि जुन्या आयरिशमध्ये त्याचं रूप 'ओइंगुस' असं होतं. एका ओळीत एवढंच सांगता येतं. पण या नावाची गंमत दुसऱ्या शब्दात आहे, त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

२. एका संकेतस्थळावर अर्थ 'बळ' दिला आहे, दुसऱ्यावर 'निवड'. बरोबर कोणता?

दोन्ही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळे आहेत. जुन्या आयरिशमध्ये 'गुस' हा शब्द जोम, धडाडी, श्रेष्ठपणा अशा अर्थाने वापरात होता. त्या भाषेत हे नाव ऐकणाऱ्याला 'बळ'च ऐकू येत असणार. पण हा शब्द ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आला, त्याचा अर्थ 'चाखणे, पसंत करणे, निवडणे' असा होता. तीच ओळख लॅटिन 'गुस्तुस' (चव) आणि इंग्रजी 'चूज' या शब्दांत टिकून आहे.

मराठी वाचकाला हा धातू अनोळखी नाही. संस्कृतात तो 'जुष्' आहे: आवडणे, रमणे, सेवन करणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला 'अनार्यजुष्टम्' म्हणतो, म्हणजे आर्यांनी न स्वीकारलेलं, त्यांना न रुचलेलं. त्यातला 'जुष्ट' याच धातूचा. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर 'दोस्त' घ्या. हा फारसीतून आलेला शब्द प्राचीन पर्शियन 'दौश्तर'पर्यंत जातो, आणि त्याचा धातूही हाच. प्राचीन पर्शियनमध्ये त्या आरंभीच्या व्यंजनाचा 'द' झाला, संस्कृतात 'ज', आयरिशमध्ये 'ग'. म्हणजे आपण रोज ज्याला दोस्त म्हणतो तो 'आपल्या पसंतीचा माणूस', आणि ॲंगसमधला 'गस' त्या दोस्ताचा दूरचा चुलतभाऊ.

एक सावधगिरी: 'जोश' मात्र या घरातला नाही. तोही फारसीच, पण त्याचा मूळ अर्थ उकळणे. अर्थ जुळतो म्हणून जोडून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा.

पहिल्या भागाचंही नातं सांगून ठेवतो. 'ओइन' आणि लॅटिन 'ऊनुस' एकाच शब्दाची रूपं. संस्कृत 'एक' त्याच मुळापासून, फक्त प्रत्यय वेगळा.

३. 'अंग', 'अंगुष्ठ' किंवा 'अंगिरस' यांच्याशी काही संबंध?

नाही. मराठी लिपीत लिहिल्यावर सुरुवात सारखी दिसते, इतकंच. ॲंगसमधलं 'ङ्ग' हे मूळचं नव्हे. 'ओइन'चा न आणि 'गुस'चा ग शेजारी आले म्हणून इंग्रजी उच्चारात तो आवाज तयार झाला. नाव फोडायचं तर 'ओइन + गुस' असं फोडा, 'अंग + स' असं नाही. लॅटिन 'आग्नुस' (कोकरू) आणि ॲग्नेस हे नाव यांच्याशीही नातं नाही.

४. खरा उच्चार काय? 'ॲंगस' चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, तो इंग्रजी रूपाचा बरोबर उच्चार आहे. गेलिक उच्चार वेगळे आहेत.

स्कॉटिश गेलिकमध्ये तो साधारण 'ऊनु-अस' असा. यातला 'ऊ' आपल्यासारखा नाही. जीभ 'ऊ'च्या जागी ठेवा, पण ओठांचा चंबू करू नका. ओठ 'ई' म्हणताना असतात तसे सैल पसरलेले राहू द्या. मराठीभाषक इथेच अडखळतात, कारण आपल्याकडे 'ऊ' आणि ओठांचा गोल हे जोडूनच येतात. आरशासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहिलं की जमतं.

आयरिशमध्ये प्रदेशानुसार फरक पडतो. कॉनॅक्ट आणि अल्स्टरमध्ये पहिला स्वर 'ई'कडे जातो (ढोबळमानाने 'ईनस'), दक्षिणेला मन्स्टरमध्ये 'ए'कडे ('एनस'). सगळीकडे आघात पहिल्या अक्षरावर.

५. गेलिकमध्ये 'ग' ऐकूच येत नाही, मग इंग्रजीत तो कुठून आला?

जुन्या लेखनातून. गेलिकमध्ये समासातल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. 'गुस'चा ग असा मऊ होऊन घशातल्या घर्षणाचा आवाज झाला आणि कालांतराने विरघळला. पण जुन्या आयरिश लेखनात ग मऊ झाल्याची खूणच करत नसत. 'ग' लिहायचे आणि मऊ वाचायचे. नंतरच्या आयरिश लिपीत अशा अक्षरावर टिंब देऊ लागले, आणि विसाव्या शतकात रोमन टाइप रूढ झाल्यावर टिंबाऐवजी पुढे 'एच' लिहायला लागले. म्हणून आजच्या गेलिक लेखनात 'जीएच' दिसतं आणि ते जवळजवळ ऐकू येत नाही. इंग्रजी रूपात मात्र तो जुना उघडा 'ग' राहून गेला.

६. इंग्रजी अक्षरांत नेमकं स्पेलिंग कोणतं?

कोणत्या भाषेतलं नाव हवंय ते आधी ठरवा.

स्कॉटिश गेलिक: ए-ओ-एन-जी-एच-ए-एस. आधुनिक आयरिश: ए-ओ-एन-जी-एच-यू-एस. आयरिश पुराणकथेतल्या देवासाठी (प्रश्न ९) आयर्लंडमध्ये ए-ई-एन-जी-यू-एस हेही खूप चालतं. इंग्रजी: ए-एन-जी-यू-एस. जुन्या आयरिश रूपात (ओ-ई-एन-जी-यू-एस) पहिल्या 'ओ'वर तिरकी रेघ येते, तिला 'फादा' म्हणतात. ती स्वर दीर्घ असल्याची खूण.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सरमिसळ: आयरिश 'यूएस' शेवट आणि स्कॉटिश आडनाव, किंवा आधुनिक स्पेलिंगवर उगाच दिलेला फादा. आधुनिक दोन्ही रूपांत फादा नाही. 'एओ' ही जोडीच दीर्घ स्वर दाखवते, वर रेघ लागत नाही.

७. त्याला हाक मारताना नाव बदलतं म्हणे. खरं आहे का?

खरं आहे, आणि मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं. आपण 'विठ्ठल' म्हणतो पण हाक मारताना 'विठ्ठला'. संबोधनाची विभक्ती आपल्याकडे जिवंत आहे. गेलिकमध्येही आहे, फक्त तिथे शब्दाची दोन्ही टोकं बदलू शकतात.

पुरुषाच्या नावाला हाक मारायची पद्धत अशी. आधी 'अ' हा संबोधनाचा शब्द लागतो. त्याने पुढच्या नावाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. मग शेवटचं व्यंजन तालव्य होतं, म्हणजे 'स'चा 'श'. 'शेमस' (म्हणजे जेम्स) घ्या: सुरुवातीचा 'श' मऊ होऊन 'ह', शेवटचा 'स' होतो 'श', आणि हाक होते 'अ हेमिश'. इंग्रजीभाषकांनी ही हाक ऐकली आणि तेच नाव समजून घेतलं. 'हेमिश' हे लोकप्रिय स्कॉटिश नाव असं जन्मलं. आपल्याकडे कुणी परदेशी माणसाने 'गणेशा!' ऐकून वहीत 'गणेशा' लिहून घ्यावं, तसं.

ॲंगसचं नाव स्वराने सुरू होतं, म्हणून पुढचं टोक बदलत नाही, आणि स्कॉटिश गेलिकमध्ये 'अ'देखील गळतो. उरतो शेवटचा बदल: 'ऊनु-अस'ची हाक 'ऊनु-इश'. लिहिताना शेवटच्या 'एस'च्या आधी एक 'आय' घाला. स्कॉटिश गेलिकमध्ये षष्ठीचं रूपही हेच, त्यामुळे तिथे 'ॲंगसचा मुलगा' म्हणतानाही शेवटी 'श'च येतो (आडनावांसाठी प्रश्न ११).

विशेषण असेल तर तेही बदलतं. 'थोरला ॲंगस' म्हणजे 'ऊनु-अस मोर'. त्याला हाक मारताना 'मोर'चा म मऊ होऊन 'व' होतो आणि शेवट तालव्य होतो. नुसतं नाव बदलून विशेषण तसंच ठेवणं ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक.

८. एकाच गावात दहा ॲंगस असले तर ओळखायचे कसे?

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांवर हा रोजचाच प्रश्न होता, आणि उत्तर आपल्या ओळखीचं आहे: स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. या नामसाखळीला 'स्लोन्याग' म्हणतात. 'इअनच्या डोनल्डचा ॲंगस' असं. जोडीला रंगरूपाची विशेषणं: 'मोर' (थोरला), 'बेग' (धाकटा), 'रुअग' (तांबड्या केसांचा), 'दू' (काळ्या केसांचा), 'ओग' (तरुण). 'ॲंगस ओग' वाचलं की घाई करू नका. तो पुराणातला देवही असू शकतो (प्रश्न ९) आणि चौदाव्या शतकात स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याला साथ देणारा, आयला बेटाच्या मॅकडोनल्ड घराण्याचा प्रमुखही. 'ओग' दोघांनाही लागतं.

९. पुराणकथेतला एंगस कोण? प्रेमाचा देव म्हणतात ते बरोबर का?

'प्रेमाचा देव' हे आजच्या काळातलं सोपं लेबल आहे. जुन्या कथांत तो दाग्दा या देवाचा आणि बोअन हिचा मुलगा. बॉइन नदीचं नाव बोअनवरूनच. आईबापांचं मीलन लपवायला दाग्दाने सूर्य नऊ महिने थांबवला, त्यामुळे मूल एकाच दिवसात पोटात राहिलं आणि जन्मलंही. म्हणून त्याला 'माक ओग', तरुण मुलगा, म्हणतात.

त्याची खरी ओळख पटते ती घर मिळवण्याच्या कथेत. डब्लिनच्या उत्तरेला बॉइनकाठी 'ब्रू ना बोन्या' हा प्राचीन स्मारकांचा समूह आहे; त्यातलं सर्वांत प्रसिद्ध टेकडीवजा स्मारक म्हणजे न्यूग्रेंज. एंगस तिथल्या मालकाकडे (एका कथेत एल्कमर, दुसरीत स्वतः दाग्दा) 'दिवस आणि रात्र' राहायला जागा मागतो. मुदत संपल्यावर मालक परत येतो, तेव्हा एंगस म्हणतो: जग तर दिवस आणि रात्र यांतच सरतं, म्हणजे जागा कायमची माझी. ही युक्ती इंग्रजीत सांगताना अडते, कारण तिथे 'एक दिवस' की 'दिवस' हे उपपदाने ठरवावंच लागतं. जुन्या आयरिशमध्ये 'एक' असं अनिश्चित उपपद नाही, मराठीतही नाही. म्हणून मराठीत ही कथा काही न गमावता सांगता येते. अनुवाद करणाऱ्यांनी इथे इंग्रजीवरून 'एक दिवस आणि एक रात्र' लिहू नये. सगळा डाव तिथेच फुकट जातो.

दुसरी कथा स्वप्नाची. एंगसला स्वप्नात एक मुलगी दिसते आणि तो आजारी पडतो. तिचं नाव केर. ती सामहेनच्या (नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या जुन्या सणाच्या) सुमारास एका तळ्यावर दीडशे मुलींसह हंसरूपात असते. त्याने तिला त्या थव्यातून ओळखून काढायचं असतं. तो ओळखतो, स्वतःही हंस होतो, आणि दोघं ब्रूकडे उडत जाऊन असं गातात की ऐकणारे तीन दिवस-रात्री झोपी जातात. मराठी वाचकाला नल-दमयंती आठवणं साहजिक आहे. पण दोन्ही कथांचा एकमेकींशी संबंध नाही. 'एकमेव निवड' या अर्थाशी कथा छान जुळते, तरी नावाची व्युत्पत्ती कथेवरून काढू नका.

न्यूग्रेंज सुमारे इ.स.पू. ३२०० मध्ये बांधलं गेलं. या कथा लिहिणारे लोक त्याच्या हजारो वर्षांनंतरचे. त्यांनी आधीच उभ्या असलेल्या, कोडं वाटणाऱ्या वास्तूला आपला देव दिला.

१०. या नावाचे खरे राजे कोण होते?

स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांचा राजा ओइंगुस, फर्गसचा मुलगा. राज्यकाळ ७३२ ते ७६१. पिक्टांच्या राजयादीत त्याचं नाव 'ओनुइस्त' असं येतं, म्हणजे शेवटचा 'त' तिथे शाबूत आहे, जो आयरिशमध्ये गळून गेला. त्याच्या बापाचं नावही पाहा: फर्गस म्हणजे 'फेर + गुस', फेर म्हणजे पुरुष, लॅटिन 'विर', आपला 'वीर'. बापलेकांच्या नावात एकच 'गुस'.

दुसरा ओइंगुस, त्याच्याही बापाचं नाव फर्गसच, ८२० ते ८३४ मध्ये राज्य करत होता. स्कॉटलंडच्या झेंड्याची दंतकथा त्याच्याशी जोडतात: ८३२ मध्ये लढाईआधी निळ्या आकाशात पांढरी तिरकी फुली दिसली, असं. दंतकथाच आहे ती, इतिहास नव्हे. राजांची गल्लत होते ती या जुळ्या नावांमुळे, म्हणून सनासकट लिहा.

११. गिनेस आणि हेनेसी ही आडनावंही ॲंगसवरूनच आलीत, हे खरं का?

हो. आणि त्यातलं पहिलं अक्षर कुठून आलं ते पाहण्यासारखं आहे.

'मॅक' म्हणजे मुलगा. आयरिशमध्ये स्वरापुढे तो 'मॅग' होतो: 'मॅग ईनसा', ॲंगसचा मुलगा. पुढे पहिला भाग झिजला, 'ग' तेवढा नावाला चिकटून राहिला: मॅगिनिस, मॅकगिनेस, गिनेस. म्हणजे गिनेसमधला 'ग' हा ॲंगसचा नाहीच, तो 'मॅग'चा! ॲंगसचा स्वतःचा 'ग' केव्हाच विरला होता (प्रश्न ५). डब्लिनमध्ये १७५९ साली ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मद्यशाळा घेणाऱ्या आर्थर गिनेसमुळे हे आडनाव जगभर पोचलं.

'ओ' म्हणजे नातू, वंशज. त्याच्यापुढे स्वर आला की मध्ये 'ह' घालतात: 'ओ हीनसा'. 'ओ' गळला, 'ह' राहिला, आणि झालं हेनेसी. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या रिचर्ड हेनेसीने १७६५ मध्ये फ्रान्समध्ये कोन्याक ब्रँडीचा व्यवसाय सुरू केला. स्टाउट बिअर आणि कोन्याक यांच्या बाटल्यांवरची दोन आडनावं एकाच पूर्वनावाची.

स्कॉटलंडमध्ये 'मॅक'चा 'क' कायम राहिला: मॅकिनेस. मॅकनिश हेही त्याच घरातलं, आणि त्यात प्रश्न ७ मधला 'श' सरळ ऐकू येतो.

बायकांच्या बाबतीत गेलिक आडनावाचा पहिला शब्द बदलतो. मुलीसाठी 'मॅक'च्या जागी 'निक', 'ओ'च्या जागी 'नी' येतं. आणि 'नी'नंतर तो मधला 'ह' लागत नाही. भाऊ 'ओ हीनसा', बहीण 'नी ईनसा'. कागदपत्रांत ही दोन वेगळी कुटुंबं वाटून गोंधळ होतो.

१२. मग 'इनेस' हे आडनावही यातलंच ना?

बहुतेकदा नाही. नुसतं 'इनेस' हे स्कॉटलंडमधल्या 'मरे' या परगण्यातल्या त्याच नावाच्या जमिनीवरून आलेलं आडनाव आहे. 'मॅक' लागला असेल तरच ॲंगसकडे वळा. हा वंशावळ शोधणाऱ्यांचा हमखास फसण्याचा रस्ता आहे.

१३. जुन्या कागदांत त्याच माणसाचं नाव 'इनिअस' का लिहिलंय?

इंग्रजी-लॅटिन शिकलेल्या कारकुनांनी, पाद्र्यांनी आणि खुद्द घराण्यांनीही गेलिक नावाला अभिजात जुळं शोधलं: ट्रॉयचा वीर इनिअस. गेलिक उच्चार 'ईनस'च्या आसपास, म्हणून तो चपखल वाटला. व्युत्पत्ती पूर्ण वेगळी. पण अठराव्या शतकातल्या हायलँड्सच्या (स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाच्या) नोंदी धुंडाळताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धे ॲंगस हाती लागणार नाहीत.

१४. मुलीसाठी याचं रूप आहे का?

'ॲंगसिना' आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाला 'इना' लावून मुलीचं नाव ठेवायची हायलँड्समध्ये पद्धत होती, त्यातलं हे. आज जुन्या वळणाचं वाटतं.

१५. ॲंगस तर गायीची जात आहे. मुलाचं नाव ठेवलं तर चिडवणार नाहीत?

जातीचं पूर्ण नाव ॲबर्डीन ॲंगस: काळी, बिनशिंगी, मांसासाठी पाळलेली. नाव ॲबर्डीनशर आणि ॲंगस या दोन परगण्यांवरून. तिची वंशावळ-नोंदवही १८६२ पासून आहे. परगण्याचं ॲंगस हे नाव माणसाच्या नावावरून पडलं, आणि १९२८ पर्यंत त्याच परगण्याला अधिकृतपणे फॉरफरशर म्हणत. क्रम असा: आधी माणूस, मग मुलूख, मग गाय. स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हे सर्रास नाव आहे, तिथे कुणाला गाय आठवत नाही. लाडाने 'गस' किंवा 'ॲंजी' म्हणतात, आणि हायलँड्समध्ये 'ॲंजी' पुरुषच असतो.

१६. मराठीत कसं लिहायचं? 'अँगस', 'अंगस', 'एंगस' सगळंच दिसतं.

इंग्रजी रूपासाठी 'ॲंगस'. 'ॲ' हा स्वतंत्र स्वर आहे, त्यावर अनुस्वार. 'अँगस' लिहिलं तर कुणी चंद्रबिंदू समजून 'अंगस' वाचतो. टंकताना 'ॲ' हे एकच अक्षर वापरा. 'अ' लिहून वर चंद्र जोडला तर दिसायला तसंच दिसतं, पण शोध घेताना सापडत नाही. 'एंगस' हे पुराणातल्या देवासाठी राखून ठेवणं सोयीचं.

विभक्ती लावताना सामान्यरूप करू नका: 'ॲंगसला', 'ॲंगसचा'. 'ॲंगसाला' कानाला खटकतं. मोठ्या माणसाबद्दल लिहिताना आडनावासह 'यांनी', 'यांचा': ॲंगस डीटन यांनी.

१७. अर्थशास्त्राच्या लेखांत भेटणारे दोन ॲंगस कोण?

ॲंगस डीटन, जन्म १९४५, एडिंबरा. २०१५ चं अर्थशास्त्राचं नोबेल. भारतातल्या गरिबीच्या आकडेवारीवर त्यांचं महत्त्वाचं काम आहे, आणि अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्यासोबतचा त्यांचा २००२ चा लेख मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकातच आला होता. दुसरे ॲंगस मॅडिसन. 'मुघलकाळात जगाच्या उत्पन्नात भारताचा वाटा किती' असे जे आकडे मराठी लेखांत फिरतात, ते बहुधा त्यांच्या मांडणीतून आलेले. त्यांचा जन्म इंग्लंडमधल्या न्यूकासलचा. ॲंगस नाव दिसलं म्हणजे माणूस गेलिकभाषक, एवढंच काय स्कॉटिशही, असेल असं धरून चालू नये.

१८. आम्ही स्कॉटलंडमध्ये राहतो, मुलाचं नाव ठेवायचंय. नोंदणीत काय सांभाळायचं?

स्कॉटलंडमध्ये जन्मनोंद २१ दिवसांत करायची असते, आयर्लंडमध्ये तीन महिन्यांत. बारसं बाराव्या दिवशी करणार असाल तर स्पेलिंगचा निर्णय बारशाआधीच घ्या (प्रश्न ६).

गेलिक स्पेलिंग घेतलं तर आयुष्यभर ते अक्षर-अक्षर सांगावं लागेल, आणि भारतातले आजी-आजोबा 'आओनघस' वाचतील. ही तयारी हवी. इंग्रजी स्पेलिंग नोंदवून घरी गेलिक उच्चाराने हाक मारणं हा तिथल्या कित्येक कुटुंबांचा जुना मार्ग आहे. जुनं फादावालं रूप घेतलं, तर पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळींत ती रेघ येत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्या पद्धतीने मध्ये वडिलांचं नाव लिहिलं, तर तिथे ते मुलाचं स्वतःचं दुसरं नाव समजलं जातं. हरकत नाही, पण पुढे भारतीय कागदपत्रं करताना जन्मदाखल्यावर जे आणि ज्या क्रमाने आहे तेच सगळीकडे लिहा.